गरीब देशांची काळजी वाहणारे काका

जगातल्या यच्चयावत गरीब देशांची काळजी भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या एकाच क्वार्टरमध्ये वाहिली जाते, आणि ते क्वार्टर माझ्या शेजारी आहे. तिथले काका नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पण कुठल्याशा बेटावर केळीचा भाव पडला की इकडे यांना जेवण गोड लागत नाही. "जो देश एकाच मालावर जगते, तो एक दिवस आडवा पडते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. स्वतः काकांनी उभा जन्म स्टील प्लांटच्या एकाच मिलमध्ये काढला आणि डब्यात रोज बटाट्याचीच भाजी नेली, ही गोष्ट वेगळी.

एखाद्या घरी बाप, मुलगा, जावई तिघंही प्लांटात असल्याचं कळलं, की काका तिथे मयतीला आल्यासारखे बसतात. जवळच्या उतई गावाहून वांगी घेऊन येणाऱ्या बाईलाही त्यांनी सोडलं नाही. "नुसते वांगेच कावून आनतेस? उद्या भाव पडला तं का करशीन?" बिचारीने पुढच्या खेपेला मुळे आणले, भेंडी आणली, वर दोन कोंबड्या आणल्या. काकांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि पाव किलो वांगी घेतली.

पोरांवरही तोच प्रयोग. थोरल्याला रेल्वेत घातलं, मधल्याला पुण्याला औषधांच्या कारखान्यात धाडलं. काकू गेल्यावर घरी उरली एकटी धाकटी लेक. तिला यंदा प्लांटात नोकरी लागली आणि लागलीच हैदराबादच्या नोकरीचंही बोलावणं आलं. काकांचा कौल कुठे पडणार, हे गल्लीतलं कुत्रंही सांगू शकलं असतं. पण काका म्हणाले, "प्लांटातच राय. देशाले थोडा माल घरीबी ठेवा लागते."

"कौनसा देश, बाबा?" ती हसायला लागली. "एकाच मालावर राहाचं नाही, हे तुमीच तं शिकवलं."

काकांनी माळ्यावरून बॅग काढून तिच्यापुढे ठेवली.

तिला गाडीत बसवायला दुर्ग स्टेशनवर मीही गेलो होतो. गाडी दिसेनाशी झाली तरी काका हलेनात. मला वाईट वाटलं, म्हणून उगाच म्हटलं, "काका, आता तुमचा देश पक्का झाला. तिघं तीन ठिकाणी."

"देशाचं ठीक आहे गा," काका म्हणाले. "पन मले घरी जावासं नाही वाटून राह्यलं."

मग आम्ही स्टेशनबाहेर चहा घेतला. तो संपल्यावर काकांनी आणखी एक मागवला.