सवतसड्याखालचा हात

मिऱ्या बंदरावर होडीला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास आला, आणि मन माझ्या लग्नाच्या वर्षात गेले. त्या वर्षी सवतसड्याच्या धबधब्यावर मी पाण्याला भिऊन मागे राहिलो, असे माझा धाकटा भाऊ वसंता आजही चारचौघांत सांगतो. ते साफ खोटे आहे.

नारळी पौर्णिमेनंतर रत्नागिरीहून आगबोटीने आम्ही दाभोळला उतरलो आणि भरतीबरोबर पडावातून गोवळकोटला निघालो. समोर आबा बसलेले. वडिलांदेखत बायकोशी बोलण्याची आमच्यात रीत नव्हती. दिराला मात्र पूर्ण मुभा. वसंता तिला खाडीकाठच्या मगरी दाखवी, ती पदराआड हसे, आणि मी शिडाकडे पाहत बसे.

गोवळकोटहून आम्ही सवतसड्याला गेलो. धबधब्याखाली शेवाळलेल्या कातळावर तिचा पाय डळमळला. मी पुढे सरसावलो, तोच आबा खाकरले. मी जागीच थांबलो.

वसंताने हात पुढे केला. “या वहिनी! दादा कसला येतोय, भिजेल ना तो!”

त्याचा हात धरून ती तुषारांत शिरली. तिचा ओला, हसरा चेहरा मी लांबूनच पाहिला. भ्यालो असेन तर आबांना; पाण्याला नव्हे.

पुढे आबा वारल्यावर मी तिला मुद्दाम पुन्हा तेथे नेले आणि सर्वांदेखत तिचा हात धरला.

“अहो, सोडा! लोक बघतायत,” म्हणत तिने तो चटकन सोडवून घेतला.

वसंताच्या हातातून तिने तो सोडवून घेतला नव्हता. हे मला अजूनही सोसत नाही.