पंख्यातल्या अक्षता

पुंडलिकनगरात पहिल्या मजल्यावर कडूबाचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आधीची दोन लेकरं गेली म्हणून याला नजर लागू नये, यासाठी आईनं असलं कडू नाव ठेवलं. माणूस मात्र गोड. पैठणकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. लॅपटॉप उघडण्याआधी त्याच्या पोटाखाली तळहात धरतो, पंख्याला कान लावतो आणि विचारतो, "काय खाल्लं व्हतं यानं?" या विनोदाला मी कधी हसलो नाही. मी दत्तोपंत, निवृत्त हेडक्लार्क. चूक नेहमी दुसऱ्याची असते, एवढं कचेरीत पस्तीस वर्षांत पक्कं शिकलेला.

गणपतीच्या सुमारास कडूबानं माझ्या लॅपटॉपला नवी डिस्क बसवली. दसरा झाला आणि आठवड्यातच लॅपटॉप बिघडला. अर्धा तास नीट चालायचा, मग पडद्यावरचा बाण जागीच अडकायचा आणि लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. पुण्याची माझी लेक सावनी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता अर्ध्या वाक्यात नाहीशी व्हायची. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कॉलनीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "कडूबा नव्याच्या नावाखाली जुनी डिस्क घालतो. सावध राहा." एकशे बारा माणसांचा ग्रुप. महिनाभरात त्याच्या दुकानातली गर्दी ओसरली, ते मला येता-जाता दिसत होतं. खोटं कशाला बोलू, तेव्हा बरंच वाटलं.

शेवटी भांडायच्या तयारीनंच दुकानात गेलो.

"बसा काका. कवा बंद पडतो? लावल्या लावल्या, का तापल्यावर?"

"तापल्यावर. तुझी डिस्क."

त्यानं आधी स्वतः बसवलेली डिस्कच तपासली. एकही दोष निघाला नाही. मग दुसरी डिस्क लावून लॅपटॉप चालवला, तरी वीस मिनिटांत तो तसाच अडकला. "डिस्क नाय काका. लई तापतोय, म्हणून सवताला बंद करतोय." त्यानं पाठीचे स्क्रू काढले. पंख्याच्या पात्यांत पिवळे तांदूळ अडकले होते, त्यांच्याभोवती कुंकवाचा चिखल वाळला होता.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेत मी लॅपटॉप मांडला होता. झाकणावर डाग नको म्हणून तो उलटा केला, पोटावर स्वस्तिक काढलं आणि हळद-कुंकू, मूठभर अक्षता वाहिल्या. नेमक्या हवेच्या जाळीवर.

कडूबानं चिमट्यानं एकेक दाणा वेचून कागदावर ठेवला, पुडी बांधली आणि कपाळाला लावली. "पूजेच्या हायेत, केरात कशा टाकू? तुळशीत टाका."

तेवढ्यात आमच्या कॉलनीतल्या प्रेरणाताई चार्जर घ्यायला आल्या. "काय निघालं हो?"

"धूळ व्हती, ताई," कडूबा म्हणाला.

मी "येतो जरा" म्हणत पुडी खिशात घालून जिना उतरलो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि तो संन्यासीच चोराची अब्रू झाकत होता.

खाली उभा राहून ग्रुपवरचा तो मजकूर पुसायला गेलो. महिना उलटला होता, आता पुसता येईना. कुणी कुणी वाचलाय ते पाहिलं. त्या यादीत कडूबाचंही नाव होतं. कॉलनीच्या कॅमेऱ्यांचं काम तो बघतो, म्हणून त्याला ग्रुपवर घेतलेलं. मी लिहिलं त्याच सकाळी, नऊ वाजून बारा मिनिटांनी त्यानं ते वाचलं होतं. तरीही मला "बसा काका" म्हणाला होता. मला स्वतःची किळस आली. तसाच वर गेलो. प्रेरणाताई अजून चार्जर बघत होत्या.

"प्रेरणाताई, धूळ नव्हती. मी पूजेत वाहिलेल्या अक्षता होत्या. कडूबानं काही केलेलं नाही."

कडूबा स्क्रू आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "इथं सांगून काय व्हणार, काका? तिथं लिव्हा."

मी बाकावर बसलो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर पानंच्या पानं लिहिली होती, आज बोट हलेना. त्याचा शेवटचा स्क्रू आवळून झाला तेव्हा माझे दोनच शब्द लिहून झाले होते: चूक माझी.