हलवलेल्या खुंट्या

मडक्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकेका रानातल्या ज्वारीचं वजन लिहिलेलं. साहेबांनी मडकं हलवून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "दहा काढा, सरासरी लिहा, चिठ्ठ्या परत टाका. मग पुढचा."

हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. उस्मानाबादच्या एका कचेरीत आम्ही वीस जण पीक-कापणीचं, म्हणजे थोडं पीक कापून तालुक्याच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचं काम शिकत होतो. मी तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातला. शाळा उर्दूत सुरू झाली, मराठीत संपली आणि गणित मधल्यामधे निसटलं. नोकरी मिळाली ती अक्षर बरं होतं म्हणून.

वीस जणांच्या वीस सरासऱ्या साहेबांनी फळ्यावर फुल्या मारून मांडल्या. मधे फुल्यांचा ढीग झाला, कडांना विरळ. "एकट्याची कुठंही पडेल," ते म्हणाले, "साऱ्यांच्या मिळून अशा बसतात." मग प्रत्येकाला आपल्या दहा चिठ्ठ्यांवरून एक पट्टा काढायला लावला, खरी सरासरी इतक्यापासून इतक्यापर्यंत असावी असा. असे शंभर पट्टे काढले तर साधारण पंच्याण्णवांत खरा आकडा सापडतो, पाचांतून निसटतो. शेवटी त्यांनी मडक्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांची सरासरी सांगितली. एकोणीस जणांच्या पट्ट्यात ती होती. माझ्या नव्हती.

सगळे हसले. मी तीनदा गणित तपासलं.

"चूक नाहीच," साहेब म्हणाले. "तुमच्या हाताला मोठ्या चिठ्ठ्या लागल्या, इतकंच."

सगळं बरोबर करूनही आपण खोटे ठरू शकतो, हे ऐकून बाकीच्यांना गंमत वाटली, मला मात्र धडकी भरली.

महिनाभरानं शाळू ज्वारी काढणीला आली आणि मला जळकोटच्या पलीकडचं एक गाव मिळालं. तालुक्यात कापणीच्या अशा चाळीस जागा होत्या. कुठलं रान आणि रानात कुठली जागा, हे आपण ठरवायचं नसतं. आकड्यांच्या छापील तक्त्यातून जो आकडा निघेल तितकी पावलं रानाच्या कोपऱ्यापासून चालायची, तिथं खुंटी ठोकायची, सुतळीनं ठरल्या मापाचा चौकोन आखायचा आणि तेवढंच पीक कापून मळून तोलायचं.

रान एका बाईचं होतं. वरचं अंग वाळून गेलेलं, कणसं बोटाएवढी. माझी पावलं मोजून संपली ती नेमकी ओढ्याकाठच्या लवणात, सखल ओलाव्याच्या जागी. तिथं ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. मी खुंटी ठोकली तसे काढणीला आलेले पंधरा-वीस गडी भोवती जमले. सगळ्यांच्या हातात विळे.

बाईचा दीर पुढं आला. "सायेब, हितं न्हाय. तिकडं ठोका."

"तक्त्यात हीच जागा आलीय."

"तक्ता ऱ्हाऊ द्या. ह्ये मापून समद्या गावावर लेव्ही बसवणार व्हय? निजामाच्या वक्ताला घरातलं बी-बियाणं सुदिक उचललं व्हतं."

सक्तीनं धान्य वसूल करणारं लेव्हीचं खातं वेगळं, असं मी सांगू लागलो, पण कुणी ऐकून घेईना. कुणी हात उगारला नाही. फक्त कुणी वाट सोडली नाही. एकानं वाकून माझी खुंटी उपटली आणि माझ्या हातात दिली. मी ती घेतली, वीसेक पावलं वर चढलो आणि ना बऱ्या ना वाईट जागी सुतळी बांधली. वजन केलं, फॉर्म भरला, खाली सुरेख अक्षरात सही केली.

पुढचे आठ दिवस कचेरीचं दार वाजलं की मी कागदात तोंड खुपसायचो. नवव्या दिवशी साहेबांनी चाळीस फॉर्म माझ्यापुढं टाकले. "पट्टा काढा."

मी सरासरी काढली, पट्टा काढायला घेतला आणि पुढं हात चालेना. सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो.

साहेबांनी चाळिसांतून माझा फॉर्म वेगळा काढला. मग म्हणाले, "चाळिसात एक जागा हलली तर सरासरीला फारसा धक्का लागत नाही. पण साऱ्यांनीच भिऊन हलवल्या तर? सगळ्या एकाच बाजूला हलतील, भरल्या पिकाकडून बेताच्या पिकाकडं. मग पट्टा अरुंद दिसेल, आणि खोटा असेल. मडक्यातलं नशीब या गणितात धरलेलं आहे. तुमची भीती धरलेली नाही." त्यांनी माझा फॉर्म परत दिला. "लवणातलं पीक उभं असेल तर जाऊन कापा."

"एकटा?"

"मागच्या वेळी कितीजण गेला होतात?"

सकाळच्या गाडीनं जळकोटला उतरलो. चालताना दोनदा बसून राहिलो. पीक कापलेलं असावं, अशी मनोमन प्रार्थना करत होतो. वरचं रान मोकळं झालं होतं. लवण मात्र उभं होतं.

बाई पेंढ्या बांधत होती. मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "परत आलाव?"

"मागच्या वेळी मी भिऊन खुंट्या हलवल्या," मी म्हणालो. "खरी जागा ती."

"आन् वरचं वाळल्यालं कोन लिवनार?"

"तुमचं न्हाई लिहिणार. पण दुसऱ्या कुणाचं वाळलेलं कुठंतरी तक्त्यात आलंय. ते आणि हे, सगळं एकत्र धरायचं."

"म्हंजी त्येच्या वाळल्यात माजं भरल्यालं मिळवणार."

"व्हय."

तिनं जरा विचार केला. दीर लांबून येताना दिसला तशी मी सुतळी घट्ट आवळली. ती त्याला ओरडून म्हणाली, "मापू द्या भाऊजी. त्यो कसा थरथरतोय बघा की." तो आला, बांधावर उभा राहिला. कापणी होईपर्यंत मी त्याच्याकडं बघितलं नाही.

नव्या वजनानं सरासरी थोडी वर गेली आणि पट्टा रुंद झाला. साहेबांनी दोन्ही फॉर्म एकत्र टाचले, शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. त्या साली लेव्हीचं काय झालं ते आठवत नाही. त्या गावाकडं नंतर कितीतरी वर्षं मी फिरकलो नाही.

पुढच्या हंगामात मला सोनारीकडची गावं दिली. पहिली खुंटी तक्त्यात आली तिथंच ठोकली, पण भोवती कोण जमतंय ते बघण्याच्या नादात घाव बोटावर बसला.