भाजी निवडायला सोबत हवी

पहिलं ॲप मी फोनमध्ये घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. त्यात सगळी माझ्या मुलीच्या वयाची पोरं होती, आणि एकाने तर मला सरळ ‘हाय आंटी’ असंच लिहिलं होतं. दुसरी लग्न जुळवणारी साइट होती. तिने नाव आणि वय विचारून झाल्याबरोबर जात विचारली, मग पोटजात. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर जे कायमचं सोडलं, ते मी एकावन्नाव्या वर्षी यादीत बोट लावून परत निवडायचं, हे काही जमणारं नव्हतं. तीही गेली. तिसऱ्या ॲपवर माझ्या वयाची माणसं होती आणि बोलायला सुरुवात करायची की नाही हे बाईने ठरवायचं होतं. ते ठेवलं.

मी दाताची डॉक्टर. क्लिनिक नागपुरात सदरला, घर हुडकेश्वरला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्यात नोकरीला असते. घरी आलं की कुलूप मीच उघडते, दिवा मीच लावते आणि टीव्हीवर कोणी काही मूर्खासारखं बोललं तर त्याला नावं ठेवायलाही मी एकटीच असते. अशीच आणखी वीस-पंचवीस वर्षं काढायची आहेत, हे एकदा मनात आलं आणि मला खरोखर भीती वाटली. तेव्हाच हा उद्योग सुरू केला.

पण त्याहून मोठी भीती होती नावाची. नागपूर कितीही वाढलं तरी सीताबर्डीवर साधं ब्लाउजपीस घ्यायला गेले तर दोघं-तिघं ‘नमस्कार मॅडम’ म्हणतात. विधवा डॉक्टरीण मोबाइलवर पुरुष शोधते, ही बातमी माझ्या ऑटोच्या आधी सदरला पोचली असती. मग कुठले आईबाप आपल्या मुलींना माझ्याकडे दातांना तारा बसवायला पाठवतील? मुलगी काय म्हणेल, हा विचार तर मी मनाच्या दारातही येऊ देत नव्हते.

म्हणून मी शक्कल लढवली. नाव लिहिलं नाही, नुसतं आद्याक्षर. व्यवसायाच्या जागी ‘आरोग्यक्षेत्र’. आणि फोटो लावला तो मास्क घातलेला, डोक्याला टोपी, म्हणजे कपाळही झाकलेलं. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होते. आता सख्ख्या बहिणीनेसुद्धा ओळखलं नसतं.

तिथे एक गृहस्थ भेटले. फोटोत त्यांची नुसती पाठ दिसत होती, समोर फुटाळा तलावाचं पाणी. खाली लिहिलं होतं, ‘स्वयंपाक येतो. भाजी निवडायला सोबत हवी.’ बाकीच्यांनी गिर्यारोहण, जगप्रवास असलं काय काय लिहिलं होतं, त्यातला निम्मा मजकूर खोटा असणार. हा माणूस मेथीची जुडी घेऊन बसलाय असं मला दिसलं. मीच आधी लिहिलं. मग रोज दुपारी क्लिनिक रिकामं असताना आमचं बोलणं व्हायचं. कूलरची खस बदलली का, वांग्याच्या भाजीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, किती घालायचा, असलंच. ‘तुम्ही जेवल्या का?’ असं ते विचारायचे. मला ते आवडायला लागलं होतं. हे कबूल करायला मला या वयातही लाज वाटते, पण आवडलं होतं.

एके दिवशी दुपारी त्यांचा मेसेज आला. ‘एक विचारू? रागावू नका. तुम्ही सदरच्या दाताच्या डॉक्टर मॅडम आहात ना? डोळ्यांवरून वाटलं.’

माझी पाचावर धारण बसली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझे पेशंट मला ओळखतात ते मास्क घातलेलीच. खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं ठेवून, ते बिचारे तासन्‌तास दुसरं बघतात काय? माझे डोळेच. घरच्यांपासून लपायला मी जो फोटो निवडला, त्यात पेशंटसाठी मी अख्खीच्या अख्खी उघडी होते. उत्तर न देता मी त्यांना ब्लॉक केलं आणि ॲप काढून टाकलं.

त्याने काय होणार? त्यांना माझं क्लिनिक ठाऊक होतं आणि मला त्यांची फक्त पाठ. मग जे दिवस गेले ते विचारू नका. खुर्चीत बसणारा प्रत्येक पन्नाशीपुढचा पुरुष मला तोच वाटायचा. कोणी हसला की वाटायचं, ह्याला माहीत आहे. कोणी गप्प बसला तर वाटायचं, हाच तो. एकाने सहज विचारलं, ‘मॅडम, जेवण झालं?’ तर माझ्या हातातला आरसा खाली पडला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आयुष्यभर लोकांना ‘घाबरू नका’ म्हणत आले आणि आता फोन वाजला तरी मीच दचकत होते.

माझ्या मदतनीस बाई क्लिनिक उघडलं तेव्हापासून माझ्याकडे आहेत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

“मॅडम, काय झालं जी? तुम्ही काहून अशा दचकून राहिल्या?” त्यांनी विचारलं. “बरं वाटत नसंल त सांगा, पेशंटले मी उद्या बोलावतो.”

“काही नाही, उन्हाचा त्रास,” मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

मग एक दिवस एक जुने पेशंट आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, अतिशय शांत माणूस. त्यांचं रूट कॅनल अर्धवट राहिलं होतं आणि दोनदा बोलावूनही ते आले नव्हते. गाल संत्र्यासारखा सुजला होता. मी चिडले.

“इतकं अंगावर काढतात का? आला का नाहीत?”

बाई आत अवजारं उकळत होत्या. पेशंटनी तिकडे एकदा पाहिलं आणि ते अगदी हळू बोलले.

“मॅडम, ते भाजी निवडायचं लिहिणारा... तो मीच. तुम्ही एकदम बंद केलं. मले वाटलं, तुम्हाला राग आला. आता मॅडम माझ्या सुनेले सांगतील. तिच्या दातांचंही काम तुमच्याकडेच चालू आहे ना. भीती वाटून राहिली होती, म्हणून आलो नाही. पण आता सहन नाही होत.”

ज्यांच्या भीतीने मी दचकत होते, ते माझ्या भीतीने घरी दात धरून बसले होते. मला हसू आलं, आणि रडूही.

“मी कोणाला सांगणार नाही,” मी म्हटलं.

“मीही नाही सांगितलं,” ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

गोळ्यांनी सूज उतरली, मग दोन सिटिंग झाल्या. ते आडवे पडलेले असायचे, तोंडात कापूस, बोलणं शक्य नाही. मला वाटेल ते बोलता आलं असतं. तुमची आठवण येते, असंही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “थोडं दुखेल.” आता लोक काय म्हणतील ही भीती नव्हती, हे माझं मलाच कळत होतं. अनोळखी पाठीशी मी आठवडेच्या आठवडे गप्पा मारल्या होत्या. समोर चेहरा आला, खरा, दाढीचे खुंट वाढलेला, माझ्याकडे बघणारा, आणि मी नुसता कापूस बदलत राहिले. ह्याला आपण हवेशा वाटलो तर पुढे काय करायचं, याची ती भीती होती.

शेवटच्या दिवशी कॅप बसवली. दातांमध्ये निळा कागद धरून तपासलं, कुठेही उंच लागत नव्हती.

ते खुर्चीतून उठले. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली.

“आता परत यावं लागेल का, मॅडम?”

‘आठ दिवसांनी एकदा दाखवून जा,’ एवढंच म्हणायचं होतं. हे मी सगळ्यांनाच म्हणते.

“नाही,” मी म्हणाले. “आता काही गरज नाही.”

काचेच्या दारापलीकडे चपला घालायला त्यांनी खूप वेळ लावला. मी बाईंना पुढचा पेशंट आत पाठवायला सांगितलं.