भिंगरी आलेली नाही

पास्खालिसच्या तोंडून पक्ष्याचं नाव निघालं की ते पक्कं, असं सरोवरकाठच्या नेरोखोरी गावात लहानथोर सगळेच मानत. बायकोने "औषध घेतलंस का?" म्हणून विचारलं तर तो खोटं बोले. पाद्रीबाबांनी "उपास पाळतोस ना?" म्हणून विचारलं तर हमखास खोटं बोले. पण सरोवरावर आज काय दिसलं, या बाबतीत त्याची जीभ कधी घसरली नाही. परदेशातून माणसं त्याच्याबरोबर पक्षी बघायला येत आणि त्याच्याच घरातल्या वरच्या खोल्यांत उतरत. एक दिवस बेलेसच्या डोंगरात गरुड आणि सुतारपक्षी, दुसऱ्या दिवशी होडीतून केरकिनी सरोवराच्या पाण्यावर पेलिकन आणि बगळे, संध्याकाळी त्याच्या बायकोच्या, एव्हान्थियाच्या हातचं जेवण. एखाद्याने लांबच्या ठिपक्याला हौसेने गरुड म्हटलं, की पास्खालिस म्हणे, "कावळा आहे. पण छान कावळा आहे हं."

अशा माणसाने यंदाच्या वसंतात एक पक्षी बघायचंच सोडलं होतं. तोही कुठला दुर्मीळ नव्हे, साधी भिंगरी. सरोवर भिंगऱ्यांनी नुसतं भरून गेलं होतं, गावातल्या प्रत्येक छपराखाली त्यांची मातीकामं चालली होती, आणि हा बाबा मान वळवून म्हणायचा, "तिकडे बघा, पेलिकन." पाहुण्यांना वाटे, एवढ्या साध्या पाखराचं काय कौतुक करायचं म्हणून तो सांगत नसेल. गावाला कारण ठाऊक होतं. गाव गप्प होतं.

त्या भागात मार्चच्या पहिल्या दिवशी आई पोरांच्या मनगटाला लाल-पांढऱ्या पिळाचा दोरा बांधते. त्याला मार्ती म्हणतात. पहिली भिंगरी दिसली की तो सोडायचा आणि गुलाबाच्या झुडपावर अडकवायचा. म्हणजे भिंगरी तो नेते आणि घरट्यात विणते. पण जिचा बापच दिवसभर पाणथळीत दुर्बीण लावून बसलेला, त्या पोरीने काय करायचं? पहिली भिंगरी बापालाच दिसणार. म्हणून पास्खालिसच्या घरात एक नियम झाला होता. भिंगरीबद्दल बाबाने तोंड उघडायचं नाही. मेल्पोने, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकीने, ती स्वतः शोधायची.

"बाबा, आली का रे?" ती दारातच अडवायची.

"कोण?"

"कोण काय कोण! भिंगरी!"

"मी तर नाही बुवा पाहिली."

आणि तो इतक्या साळसूद चेहऱ्याने हे म्हणायचा, की मेल्पो टाळ्या पिटत अंगणात पळायची. आली म्हणजे! पक्ष्यांच्या बाबतीत या घरात चालणारं हे एकच खोटं. मेल्पो मोठी झाली, बापाची होडी चालवायला लागली, पाहुण्यांना हसवायला लागली, तरी दर मार्चला हा खेळ व्हायचाच. तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर, छपराच्या कोपऱ्यात, भिंगऱ्यांचं एक जुनं घरटं होतं. दरसाल तीच जोडी यायची, निदान मेल्पोचं तसं म्हणणं होतं.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मेल्पोच्या रक्तात काहीतरी बिघडलं. थेस्सालोनिकीच्या इस्पितळात जे करायचं ते करून झालं, आणि मार्चच्या तोंडावर डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. घरी न्या, याचा अर्थ काय तो दोघांनाही कळला. एव्हान्थियाने तिच्या मनगटाला मार्ती बांधली. मनगट इतकं बारीक झालं होतं, की दोऱ्याला दुहेरी वेढा द्यावा लागला.

मेल्पो सूप पीत होती. दोऱ्याकडे बघून हसत म्हणाली, "चला, भिंगरी येईपर्यंत तरी मी काही हलत नाही. मग पुढचं पुढे."

पोरगी गंमतीत बोलली. पास्खालिसने ते काळजात धरून ठेवलं. भिंगरी येईपर्यंत हलत नाही. मग भिंगरी आलीच नाही तर?

माणूस वेडा होतो तो असा. शहाण्यासारखा, पद्धतशीर वेडा.

पहिल्या भिंगऱ्या पाणथळीत दिसल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याने शिडी लावली आणि झाडूच्या दांड्याने ते घरटं पाडलं. त्या गावात भिंगरीचं घरटं पाडणारा माणूस कुणी ऐकलेला नव्हता. दारू पिऊन बायकोला मारणारेसुद्धा त्या घरट्याला हात लावत नसत. त्याने छपराखाली जाळं ठोकलं. मग मेल्पोच्या खोलीची झडपं बंद केली आणि तिला सांगितलं, "डोंगरावरून बोचरं वारं सुटलंय, तुझ्या छातीला बरं नाही." आणि घरोघर जाऊन लोकांना सांगून आला, की भिंगरी आल्याचं मेल्पोला कळू द्यायचं नाही.

समोरचा बेकरीवाला कोस्मास डोकं खाजवत राहिला. "अरे पण पास्खाली, माझ्या छपराखाली सकाळपासून कलकलाट चाललाय. तिला ऐकू जाईल त्याचं काय?"

"चिमण्या आहेत म्हणून सांग."

"चिमण्या? तुझ्या पोरीला? ती मला बेकरीतून हाकलून देईल."

पण कुणी मोडता घातला नाही. मेल्पोला भेटायला येणारे जाड कोट घालून येऊ लागले. हात चोळत, थंडीला शिव्या घालत बसू लागले. बाहेर मात्र वसंत आला होता, बदामाचा बहर कधीच झडून गेला होता. पाद्रीबाबा तर लोकरीचा गळपट्टा गुंडाळून आले.

"यंदा हिवाळा काही हटत नाही बघ, पोरी."

"मग तुम्हाला एवढा घाम का आलाय?" मेल्पोने विचारलं.

"जिना चढून आलो ना गं."

"हो का," मेल्पो म्हणाली, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "खरंच, फार थंडी आहे."

रोज संध्याकाळी पास्खालिस तिच्या उशाशी बसे. ती विचारे, "बाबा, आली का रे?" तो म्हणे, "मी तर नाही बुवा पाहिली." ती हसून डोळे मिटून घेई. त्या हसण्यावर तो पुढचा दिवस काढायचा. खरंच वाटायला लागलं होतं त्याला, की जमतंय आपल्याला हे.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मेल्पो गेली. दोरा मनगटावर तसाच होता. एव्हान्थियाने तो सोडला आणि कुणाशी न बोलता स्वतःच्या मनगटाला बांधला.

त्या वर्षी पास्खालिसने पाहुणे घेतले नाहीत. यंदा एव्हान्थियानेच त्याला बाहेर ढकललं. आलेल्या गटात हेंड्रिका होती, हॉलंडची, पांढऱ्या केसांची, दरसाल येणारी. मेल्पोने तिला होडी चालवायला शिकवलं होतं आणि एकदा हेंड्रिकाने होडी बोरूच्या बेटात घुसवली तेव्हा मेल्पो पोट धरून हसली होती. आल्या आल्या हेंड्रिका एव्हान्थियाच्या गळ्यात पडून रडली. पण भिंगरीची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती, आणि सांगणार तरी कोण?

रोज जेवणाआधी पास्खालिस दिवसभरातल्या पक्ष्यांची नावं मोठ्याने घेई आणि ज्याने तो पक्षी पाहिला तो बोट वर करी. पक्षी बघणाऱ्यांची ही रीतच आहे. लहान मुलांसारखी चढाओढ लागते. त्या दिवशी होडीच्या कठड्यावर एक भिंगरी येऊन बसली होती. हात लांब केला असता तर लागली असती. सगळ्यांनी श्वास रोखून ती बघितली. पास्खालिसनेही बघितली, ती उडेपर्यंत त्याला नजर काढता आली नव्हती.

नावं संपली. तो उठायला लागला.

"पास्खाली, भिंगरी राहिली," हेंड्रिका म्हणाली.

"राहू दे."

"अशी कशी राहू दे? अरे, आपल्या होडीवर बसली होती!"

"मी पाहिली नाही."

एव्हान्थिया तळलेल्या माशांची परात घेऊन दारात उभी होती.

"पाहिलीय त्याने," ती म्हणाली. परात टेबलावर आदळली आणि आत निघून गेली. पास्खालिस तिच्या मागे गेला.

"लोकांसमोर असं बोलायची गरज होती का?" तो म्हणाला.

"वर्ष झालं, पास्खाली. हा दोरा घालून मी भांडी घासते, कपडे धुते. लाल कुठला आणि पांढरा कुठला ते सुद्धा कळत नाही आता. तू एकदा म्हण, आली म्हणून. म्हणजे मी सोडते."

"मला नाही म्हणता येत."

"का?"

"तिला कळलं नव्हतं तोवर ती होती," पास्खालिस म्हणाला. "एवढं एकच माझ्या हातून नीट झालं. तेवढं तरी राहू दे मला."

एव्हान्थिया खुर्चीवर बसली. तिने एप्रनला हात पुसले.

"तिला पहिल्याच सकाळी कळलं," ती म्हणाली. "तू शिडी लावलीस तेव्हा ती जागी होती. माती खाली पडल्याचं ऐकलं तिने. मग ती पाखरं येऊन ओरडायला लागली, तेही ऐकलं. मला म्हणाली, आई, बाबाने घरटं पाडलं. काही बोलू नकोस त्याला."

पास्खालिसने ओट्याची कड धरली.

"तुझं ते खोटं तिला पाळण्यातून पाठ होतं रे," एव्हान्थिया म्हणाली. "मी म्हटलं तिला, बाबा बाहेर गेला की झडप उघडते, घटकाभर बघून घे. तर म्हणाली, नको. बघितली तर माझ्या तोंडावर दिसेल, आणि त्याला लगेच कळेल. त्याला वाटू दे की अजून हिवाळा आहे."

बाहेर कुणीतरी काटाचमचा खाली ठेवला.

"तिला बघायची होती?" पास्खालिसने विचारलं.

इथे एव्हान्थियाला खोटं बोलता आलं असतं. त्या घरात पुरेसं खोटं झालं होतं.

"रोज," ती म्हणाली.

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि ओरडून रडला. मेल्पोला मातीत ठेवतानाही तो असा रडला नव्हता. आतलं सगळं बाहेर ऐकू जात होतं. शब्द कुणाला कळत नव्हते, पण एकानेही माशाला हात लावला नाही. मग तो उठला, नळाखाली तोंड धुतलं आणि टेबलाशी येऊन बसला.

"भिंगरी," तो म्हणाला.

सगळ्यांची बोटं वर झाली. एव्हान्थिया दारात उभी होती. तिनेही दोरा बांधलेला हात वर केला. सगळ्यांत शेवटी पास्खालिसने केला.

सकाळी एव्हान्थियाने दोरा कापून गुलाबावर अडकवला. पास्खालिसने छपराखालचं जाळं उखडून काढलं, आणि घरट्याला ओली माती मिळावी म्हणून अंगणात बादल्या ओतून चिखल केला. कोस्मास रस्त्यापलीकडून बघत होता. एरवी त्याने चार टोमणे मारले असते, आज त्याने स्वतःच्याही दोन बादल्या आणून ओतल्या. भिंगऱ्या आल्या. त्यांनी तो चिखल चोचीत भरभरून नेला आणि बेकरीच्या छपराखाली नेऊन लावला. पास्खालिसच्या छपराकडे एकही फिरकली नाही. गुलाबावरचा दोराही तसाच लोंबत राहिला.

मग पास्खालिस वर मेल्पोच्या खोलीत गेला. वर्षभर बंद असलेली झडपं फुगून बसली होती, ती त्याने खांद्याने ढकलून उघडली. उजेड पलंगावर पडला. बूट काढून तो तिच्या जागी आडवा झाला. छपराचा कोपरा आणि त्यावरचा घरट्याचा मातकट डाग तिच्या उशीवरून समोरच दिसत होता. मान वळवायचीही गरज नव्हती.