सिस्टरांची कीव

सिस्टरांच्या चेहऱ्यावर थकवा असा मुक्काम ठोकून बसला होता की त्यांना ताजंतवानं कुणी पाहिलंच नव्हतं. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि इथे वॉर्डात नवी लस टोचून घेतलेली सहा धडधाकट माणसं. दोन्हीकडे विचारायचं एकच, "कसं वाटतंय?" ही लस माणसांना पहिल्यांदाच दिली जात होती. अंग दुखो, मळमळो, जे होईल ते सांगायचं, एवढंच त्या सहा जणांचं काम. पण कुणाला काही होतच नव्हतं! डॉक्टर हरखून गेले. पुढच्या तुकडीला आज मोठा डोस द्यायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. ती मंडळी बाहेर बाह्या वर करून बसलीसुद्धा.

खिडकीजवळच्या खाटेवर शिंपीकाका होते. त्यांची उशी सारखी करताना सिस्टरांचा हात त्यांच्या मानेला लागला आणि चटकाच बसला.

"काका, अहो, आत्ता तर थर्मामीटरमध्ये काहीच नव्हतं!"

काका ओशाळले. "तुम्ही यायच्या आधी गार पाणी धरून ठेवतो तोंडात."

"पण का?"

"ताप निघाला की तुमच्याच फेऱ्या वाढणार. आधीच तुमचा जीव मेटाकुटीला आलेला दिसतो. म्हटलं, पोरीला आणखी कशाला दमवा?"

सिस्टरांना संताप आला आणि रडूही आलं. माया करायला यांना हीच जागा सापडली! त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

"एकाला ताप आला तर काय बिघडलं?" डॉक्टर म्हणाले. "बाकीचे पाच ठणठणीत आहेत ना?"

"मी विचारलं म्हणून ठणठणीत आहेत. माझी कीव येऊन तेही लपवत असतील. आज डोस देऊ नका."

डॉक्टरांनी चडफडत इंजेक्शनांचा ट्रे बाजूला सारला. "मग जा, पुन्हा विचारून या."

सिस्टर वॉर्डात परत आल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळ्यांसमोर मटकन बसल्या.

"मी दमलेय, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही लपवलंत तर बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी जिवाला मुकेल. आणि ती सुई मीच टोचलेली असेल."

मग कोपऱ्यातली दुकानवाली बाई हळूच म्हणाली, "सिस्टर, कालपासून माझ्या छातीत धडधडतंय."

सिस्टर गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि तिची नाडी पाहायला गेल्या.