शेवाळाला विचारली रविवारची बस

फिनबार हेनेगन बावीस वर्षं आयर्लंडमधल्या गॉलवेच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसला. ती खिडकी बंद झाली तेव्हा पन्नाशीत संध्याकाळचे वर्ग करून तो आमच्या संशोधन संस्थेत आला आणि पुन्हा खिडक्यांच्याच मागे लागला. फरक एवढाच, की या खिडक्यांपुढे माणसांची नाही, संगणकांची रांग लागते. माहितीचा साठा इंटरनेटच्या जाळ्यावर ठेवला की त्याला एक प्रश्नसेवा जोडतात. कुठल्याही संगणकानं प्रश्न टाकावा, सेवेनं उत्तर द्यावं. पण कुठल्या सेवेकडे काय मिळतं, हे बाहेरून कसं कळणार? म्हणून प्रत्येक सेवेनं आपली ओळख ठरावीक शब्दांत लिहून दारावर लावायची, असं ठरलं. ते शब्द ठरवायला नऊ जणांची समिती बसली. बसली म्हणजे पाच देशांत आपापल्या खुर्चीत, दर गुरुवारी फोनवर.

"शब्दच तर ठरवायचेत, आठवड्याचं काम," असं आमची प्रमुख सोर्चा म्हणाली होती. त्याला चौदा महिने झाले. सोर्चा स्वभावानं आशावादी आहे.

समितीत फिनबारचा प्रश्न एकच. आम्ही कुठलाही शब्द पुढे केला, की तो ब्रेडच्या तुकड्यावर लोणी फासत विचारायचा, "खिडकीपाशी बाई उभी आहे. तिला याचा उपयोग काय?"

"फिनबार, इथे बाई नाहीये. संगणक आहे."

"मग संगणक उभा आहे. त्याला काय उपयोग?"

ही बाई काल्पनिक नव्हती. ती ब्रीड, त्याची बायको. तीस वर्षांपूर्वी ती रविवारी लेटरफ्रॅक गावी जायला स्टँडवर आली. वेळापत्रकाच्या फलकावर रविवारचा रकाना कोरा होता. कोरा म्हणजे छापायचं राहिलं असेल, बस असेलच, असं समजून ती चार तास पेटीवर बसून राहिली. फिनबारला वाटलं, कोरा रकाना हेच उत्तर आहे, त्यात सांगायचं काय? शेवटी त्यानं आपलं सँडविच तिला दिलं, मग चहा, मग स्वतःच्या गाडीतून लेटरफ्रॅकपर्यंत सोबत. लग्न झालं, तीन मुली झाल्या, पण त्या चार तासांबद्दल ब्रीडनं त्याला अजून माफ केलेलं नाही.

म्हणून फिनबारला आमच्या यादीत एक शब्द हवा होता: सेवेला 'एवढंच आहे, याउपर माझ्याकडे काही नाही' असं म्हणता यावं. आणि नेमकं तेच आमच्या लोकांना पटत नव्हतं. कारण आमच्या शास्त्राचा पहिला नियमच असा, की सांगितलं नाही म्हणजे नाही असं नव्हे. अजून कळलेलं नाही, इतकंच. हा नियम आम्ही इतक्या भक्तिभावानं पाळतो, की आमच्यातल्या कुणाला फ्रीजमध्ये दूध दिसलं नाही तर तो दूध संपलंय असं म्हणायला कचरतो.

"येत्या गुरुवारी यादी बंद," सोर्चानं बजावलं. "त्यानंतर एक शब्दही आत येणार नाही. तुझा शब्द मांडायचा तर तेव्हाच मांड. आणि फिनबार, व्हिलेम विरोध करणार, धरून चाल." व्हिलेम समितीतला डच सभासद. एकाचा जरी ठाम विरोध आला तरी शब्द बाद, हा समितीचा रिवाज.

मंगळवारी आम्ही यादीची चाचणी घेतली. अकरा सेवांच्या दारांवरच्या ओळखी वाचून आमच्या प्रोग्रामनं योग्य सेवा निवडायची होती. प्रश्न फिनबारनं दिला: रविवारी लेटरफ्रॅकला बस आहे का?

प्रोग्रामनं ओळखी वाचल्या. 'आमच्याकडे बस नाहीत' असं कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणजे बस असूही शकतात! त्यानं अकराही सेवांना विचारलं. उत्तर आलं नाही, म्हणजे अजून कळलेलं नाही. म्हणून पुन्हा विचारलं. आम्ही चहाला गेलो होतो.

परत आलो तर फोन खणखणत होता. सोर्चानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मी मॅकगोनिगल बोलतेय, बेटावरच्या शेवाळ केंद्रातून. तुमचा संगणक माझ्या शेवाळाला रविवारची बस का विचारतोय?"

"बाई, चाचणी चालू आहे—" सोर्चा म्हणाली.

"चार हजार वेळा? माझा सर्व्हर बसलाय. माझ्याकडे शेवाळाच्या सहाशे जाती आहेत, त्यातली एकही लेटरफ्रॅकला जात नाही!"

फिनबार फोनकडे वाकला. "बाई, हे तुम्ही दारावर लिहाल का? की तुमच्याकडे फक्त शेवाळ आहे?"

"आनंदानं लिहीन! शब्द द्या!"

हसून हसून सोर्चा खुर्चीवरून घसरली. फिनबार मात्र तिला म्हणाला, "पोरी, ऐकलंस ना? शब्द मागतायत त्या."

गुरुवारी फोन लागला. फिनबारनं शेवाळाची हकिगत सांगितली. हॅनोव्हरहून समितीचा अध्यक्ष खोकून म्हणाला, "सेवेनं काय काय नाही याची यादी द्यायची म्हटलं तर ती संपणारच नाही."

"यादी नकोच. जे आहे ते लिहा आणि खाली एकच शब्द लावा, एवढंच."

"ठराव मांडला. कुणाचा विरोध?"

आमच्या रिवाजात गप्प राहणं म्हणजे होकार. दहा सेकंद कुणी बोललं नाही. व्हिलेमसुद्धा नाही.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाला. सोर्चानं दोन्ही मुठी हवेत उडवल्या.

"थांबा," फिनबार म्हणाला.

सोर्चानं त्याची बाही ओढली. "गप्प बस! मंजूर झालंय!"

"कुणी काही बोललं नाही म्हणजे हो, असं कसं? तोच तर आपला सगळा घोळ आहे. प्रत्येकानं तोंडानं सांगा."

"अरे बाबा, व्हिलेम पाडेल!"

"पाडू दे. पण सांगून पाडू दे."

अध्यक्षानं उसासा टाकला आणि एकेकाचं नाव घेतलं. हो. हो. सोर्चाचं हो दात ओठ खाऊन आलं. मग, "व्हिलेम?"

काहीच नाही. पुन्हा, "व्हिलेम?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "माफ करा, मी कॉफी आणायला गेलो होतो. कशावर मत द्यायचंय?"

सोर्चानं कपाळ टेबलावर टेकवलं. फिनबारनं सगळं पुन्हा सांगितलं. शेवाळ, चार हजार वेळा, सगळं. पलीकडे कॉफीचा एक मोठा घोट ऐकू आला.

"मी विरोधच करणार होतो," व्हिलेम म्हणाला. "पाच कारणं लिहून ठेवलीयत. पण मी इथे नव्हतो हे तुझ्यामुळेच कळलं, नाहीतर माझा होकारच धरला असता. जाऊ दे. माझं हो."

"तोंडानं हो?" फिनबारनं विचारलं.

"तोंडानं, डच तोंडानं हो!"

मी इतिवृत्तात नऊच्या नऊ नावं, प्रत्येकापुढे 'हो' लिहून, एकाखाली एक उतरवली. आमच्या समितीत असं पहिल्यांदाच घडत होतं. मागे फिनबार छप्पन्न वर्षांचा देह घेऊन सोर्चाला गरागरा फिरवत होता आणि ती ओरडत होती, "सोड मला, वेड्या म्हाताऱ्या! तुला ठार मारीन मी, सोड!"